पाटीचे तीन तुकडे

सायकलच्या मागच्या चाकात हवा भरताना लेओंस राबिनो दोनदा थांबला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस पंप मारताना थांबला तर त्यात नवल काही नाही, पण तो दमून थांबला नव्हता. तो शेडच्या कोपऱ्यात रचलेल्या, छपरावर घालायच्या जुन्या दगडी पाट्यांकडे बघत होता. शेवटी त्यातली एक न तडकलेली काळी पाटी त्याने उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि उकडलेली अंडी, बकरीचं चीज आणि सुरी होती त्याच पिशवीत टाकली. कशाला टाकलीस, असं कोणी विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं नसतं.

आज लेयों नदीच्या काठाने सात हद्दीचे दगड बघत जायचं होतं. सहांचं त्याला काही नव्हतं. सातव्याखाली काय निघतं, यावर त्याचा तेवीस वर्षांपूर्वीचा एक शब्द अडकला होता.

त्यांच्या गावात, ला रोशरमध्ये, द्राक्षमळ्यांचे तुकडे रुमालाएवढे. बापाचे दोन मुलांत, दोघांचे पाच नातवंडांत, असं होत होत तुकडा राहिला लहान आणि भांडण झालं मोठं. म्हणून हद्दीचा दगड पुरताना जुनी माणसं एक काम करत. छपराची एक पाटी दोन्ही शेजाऱ्यांसमोर फोडायची, तिचे तीन तुकडे खड्ड्यात ठेवायचे आणि वर दगड बसवायचा. त्या तुकड्यांना म्हणायचं साक्षीदार. माणूस खोटं बोलतो, दगड रात्रीतून सरकवता येतो, पण फुटलेल्या पाटीच्या कडा दुसऱ्या कुठल्या पाटीशी जुळत नाहीत. दगड उकरला आणि खाली तिन्ही तुकडे जुळले, की वाद मिटला.

लेओंसने दगड उकरून पाहिलाच नव्हता. २००१ साली, तोडणी संपल्याच्या जेवणात, गावातल्या साठेक माणसांसमोर तो हातात ग्लास घेऊन उभा राहिला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आंब्रुआझ सेब्रोंला म्हणाला, "दगड सरकवलास तू. माझी एक ओळ खाल्लीस. चोर आहेस."

लेओंसच्या त्या मळ्याचं नावच 'चाळीस'. वेलींच्या चाळीस ओळी, म्हणून चाळीस. बाप गेल्यावर त्या वर्षी लेओंसने पहिल्यांदा ओळी मोजल्या, त्या एकोणचाळीस भरल्या. पलीकडचा मळा आंब्रुआझचा. आंब्रुआझने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "लेओंस, बस खाली. मी सांगतो." लेओंस बसला नाही. आंब्रुआझ थोडा वेळ थांबला, मग टोपी घेऊन निघून गेला. एका बाकावर शिकलेली, एकमेकांच्या लग्नात नाचलेली ही दोन माणसं त्यानंतर एक अक्षर बोलली नाहीत. गेल्या मार्चमध्ये आंब्रुआझ वारला. लेओंस अंत्यविधीला गेला नाही. चर्चच्या घंटा थांबेपर्यंत तो छाटणीची कात्री घेऊन आपल्या मळ्यात उभा होता, आणि त्या वेळात त्याने एक काडीसुद्धा कापली नाही.

आता आंब्रुआझची मुलगी मारिव्होन मळे विकत होती. घेणारा होता आंझे शहराचा. त्याला प्रत्येक दगड जमीन मोजणाऱ्या बाईकडून तपासून हवा होता. दगड काट्याकुट्यात, आणि ते नेमके कुठे आहेत हे गावात एकालाच ठाऊक. तीस हिवाळे नदीकाठची झुडपं पंचायतीसाठी लेओंसनेच तोडली होती. त्याला नाही म्हणता आलं असतं. पण मग सातवा दगड त्याच्या माघारी उकरला गेला असता, आणि ते त्याला सोसलं नसतं.

आधी बेकरी. ओदिल तिबोदो पाव विकते आणि बातम्या फुकट देते.

"आज मोठ्या शिकारीला निघालात म्हणे, लेओंस. सरकारी पोरीला घेऊन."

"सरकारी नाही ती. खासगी मोजणीवाली आहे."

"मग तर आणखीच छान. पाव कुठला?"

"नेहमीचा. करपलेला."

रांगेतली चार माणसं गप्प झाली होती. ही गावातली गप्प बसण्याची पद्धत लेओंसच्या चांगल्या ओळखीची होती. दाराशी पोचल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "सातव्याचं सांगा हं आल्यावर." त्याने मागे वळून पाहिलं नाही.

मोजणीवाली बंद पडलेल्या स्टेशनवर उभी होती. रूळ केव्हाच उखडले आहेत, तिथून आता नदीकाठाने सायकलची वाट जाते. तिचं नाव क्लोतिल्द, वय तिशीच्या आसपास, आणि तिच्या सायकलीला मागे दुचाकी गाडा जोडलेला. गाड्यात मोजणीची यंत्रं, त्यांची तिवई आणि एक कुदळ.

"मोटार नाही?" लेओंसने विचारलं.

"या वाटेला मोटारी बंद आहेत ना, राबिनोबाबा. आणि मोटारीतून दगड दिसत नाहीत."

हे उत्तर त्याला आवडलं, आणि आवडलं म्हणून तो जरा घुश्शातच पुढे झाला.

ऑक्टोबर अर्धा सरला होता. नदीवरचं धुकं अकरापर्यंत हलत नव्हतं, आणि हलू नये असंच सगळ्यांना वाटत होतं. धुक्याशिवाय द्राक्षांवर हवी ती बुरशी चढत नाही, आणि बुरशीशिवाय इथली गोड पिवळी वाइन होत नाही. ओळीतून तीनदा, कधी चारदा फिरायचं, आणि घडातले बुरशीने सुरकुतलेले तेवढेच मणी खुडायचे. बाकीचे थांबतील. इथल्या लोकांना थांबायची सवय आहे. काहींना ती नको तितकी आहे.

पहिला दगड काटेरी झुडपात होता. लेओंसने बुटाने फांद्या बाजूला सारल्या आणि नुसतं बोट दाखवलं. क्लोतिल्दने माती काढली, दगड कलता केला, खालचे तीन काळे तुकडे पुसून तळहातावर एकमेकांना लावले. "जुळले," ती म्हणाली. फोटो काढला, आकाशातल्या उपग्रहांना विचारून जागा नोंदवली आणि तुकडे होते तसे परत ठेवले. दुसरा दगड गिरणीच्या पाटाजवळ. जुळले. तिसरा चढावर, अक्रोडाखाली. तिथे वर तोडणी चालू होती आणि वीसेक माणसं ओळींतून वाकलेली होती.

"काय लेओंस!" वरून एक बाई ओरडली. "नवी सायकल की नवी बायको?"

"सायकल जुनीच आहे. आणि तू मणी नीट बघून खूड, हिरवे टाकतेस बादलीत."

हशा पिकला. क्लोतिल्दही हसली. तिला कोणीतरी सुरकुतलेला एक घड आणून दिला. दिसायला तो उकिरड्यावर टाकण्याच्या लायकीचा होता. तिने तो उभ्याउभ्या संपवला आणि बोटं चाटली.

"हे साक्षीदारांचं तुम्हाला कोणी शिकवलं, बाबा?"

लेओंसने उजव्या गालावर बोट ठेवलं. "आजोबांनी. इथे."

मग सांगणं भाग पडलं. छप्पन्न सालच्या फेब्रुवारीत असा गारठा पडला की वेली मुळापासून मेल्या. सगळ्यांनी नव्याने लावणी केली, आणि त्याच वर्षी राबिनो आणि सेब्रों यांच्यामधला दगड दोन्ही बापांनी पुन्हा बसवला. आजोबांनी दोन्ही घरांतल्या नऊ-नऊ वर्षांच्या पोरांना बोलावलं, दगडाशेजारी उभं केलं आणि एकेक थोबाडीत ठेवून दिली. राग नव्हता, काही नव्हतं. जागा जन्मभर लक्षात राहावी म्हणून मारायची, अशी रीतच होती.

"आंब्रुआझला आधी बसली. त्याने हूं की चूं केलं नाही. मी भोकाड पसरलं."

"आणि राहिली लक्षात?"

"जागा? डोळे बांधून ने, बोट ठेवतो."

क्लोतिल्दने हात पुसले. "मग दगड आज त्या जागेवर आहे की नाही?"

लेओंसने पुन्हा गालावर हात फिरवला. "आहे त्याच जागेवर वाटतो," तो म्हणाला. "पण ओळी मोजल्या की एक कमी भरते."

"मग तुम्ही कोणाचं ऐकलंत? गालाचं की मोजणीचं?"

"मोजणीचं. मोजणी खोटं बोलत नाही."

"मोजणीचाच धंदा आहे माझा," क्लोतिल्द म्हणाली. "बोलते कधीकधी." आणि तिने गाड्यावरची ताडपत्री बांधली.

चौथा, पाचवा, सहावा. जुळले, जुळले, जुळले. सहाव्या दगडाशी बसून त्यांनी अंडी आणि चीज खाल्लं, करपलेला पाव मोडला. लेओंसने पिशवी उघडताना आतलं वर्तमानपत्राचं पुडकं बाजूला सरकवलं. धुकं वितळून पलीकडचा काठ दिसायला लागला होता. सातवा दगड तिथून दहा मिनिटांवर, पण लेओंस उठला आणि त्याने सायकल उलट्या बाजूला वळवली. पूल ओलांडला, चिनारांच्या रांगेतून पुढे नेलं, जुन्या चुनाभट्टीला वळसा घातला, परत एक पूल ओलांडला. पाऊण तास झाला.

"बाबा," मागून क्लोतिल्द म्हणाली, "हा पूल आपण मघाशी ओलांडला."

"तो दुसरा होता."

"त्याच्यावरही हाच निळा डबा होता? आणि डब्यावर हेच मांजर?"

लेओंस सायकलवरून उतरला. मांजर त्याच्याकडे बघत होतं.

"फार बघतेस तू, पोरी."

"त्याचाच पगार मिळतो मला."

तो कठड्याला टेकला. त्याला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. गुडघे दुखतात, ऊन लागतं, असलं काही सांगायचीही सोय नव्हती. तुकडे जुळले नाहीत तर तो खरा. पण ते जुळू नयेत असं सकाळपासून वाटत होतं, म्हणजे त्याचा मेलेला मित्र चोर निघावा असं वाटत होतं. हे त्याला आत्ता, त्या कठड्याला टेकल्यावर, स्वच्छ कळलं आणि स्वतःची किळस आली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोघांपैकी एक माणूसच जळून गेला होता आणि पीळ याच्या हातात राहिला होता.

"चल," तो म्हणाला. "या बाजूने जवळ पडतं."

मारिव्होन दगडाशी उभी होती. पायात रबरी बूट, हातात फावडं, वय पन्नाशीच्या पुढे. ती लहान असताना लेओंस तिला सायकलच्या नळीवर बसवून नदीवर न्यायचा, आणि ती त्याला लेओंसकाका म्हणायची.

"या, राबिनो," ती म्हणाली. "उशीर केलात."

"रस्ता चुकला," क्लोतिल्द मध्येच म्हणाली. लेओंसला ते लागलं आणि बरंही वाटलं.

मारिव्होनने फावडं पुढे केलं. "तुम्हीच उकरा. मागाहून म्हणायला नको, सेब्रोंनी हातचलाखी केली."

लेओंसने कोट काढला. ओली माती सहज निघाली. दगड गुडघ्याएवढा, वरच्या डोक्यावर शेवाळ. त्याने खांदा लावून तो कलता केला आणि खड्ड्यात हात घातला. पहिला तुकडा मिळाला, दुसरा मिळाला, तिसरा जरा खोल होता. तुकडे त्याने विजारीला पुसले आणि तळहातावर एकाला एक लावले. कुठे खाच नाही, कुठे फट नाही. अडुसष्ट वर्षांपूर्वी बापाने बुटाच्या टाचेने फोडलेली पाटी त्याच्या हातावर अख्खी झाली.

"जुळले," क्लोतिल्द म्हणाली. सकाळपासून सहा वेळा म्हणाली होती तशीच.

लेओंसने जुळलेल्या कडांवरून अंगठा फिरवला. मग लेओंस म्हणाला, "मग ओळी? चाळीस हव्यात."

तो उकरत असतानाच क्लोतिल्द यंत्र घेऊन त्याच्या मळ्याच्या पलीकडच्या टोकाला, वाटेपर्यंत, जाऊन आली होती. "दगड जुन्या नकाशाबरहुकूम आहे," ती म्हणाली. "पण तिकडची वाट नकाशापेक्षा दीड मीटर जास्त रुंद आहे. त्या बाजूची एक ओळ कोणीतरी काढलेली आहे."

"यांच्या वडिलांनीच," मारिव्होन म्हणाली. ती लेओंसकडे न बघता बोलत होती. "सदुसष्टच्या हिवाळ्यात. तुम्ही लष्करात होतात. ट्रॅक्टरची ट्रॉली वाटेने जाईना, म्हणून पहिली ओळ उपटली. उपटायला माझे बाबा होते बरोबर. दोन दिवस लागले, असं सांगायचे."

ओळ गेली, नाव राहिलं. चाळीसमध्ये चाळीसच असणार. लेओंस लष्करातून परतला तेव्हा त्याला मोजायचं सुचलं नाही, आणि मोजायचं सुचलं तेव्हा नावावर शंका घ्यायचं सुचलं नाही. मळेवाला ओळींनी जमीन मोजतो, मीटरने नाही. चूक झाली ती इथे, आणि इतकी साधी होती की तिच्यावर रागावताही येत नव्हतं.

"त्याने सांगितलं का नाही मला?"

"तुम्ही बसलात का खाली?"

लेओंस आता खड्ड्याच्या काठावर बसला.

"नंतर," तो म्हणाला. "नंतर सांगायचं. दगड उकरायचा. तेवीस वर्षं होती."

"मी शंभरदा म्हटलं, उकरा. गावाला बोलवा आणि उकरा." मारिव्होनचा आवाज चढला. "तर म्हणायचे, उकरला तर लेओंस खोटा पडेल. साठ माणसांसमोर बोललाय तो. मग गावात तोंड कसं दाखवेल? मला चोर म्हणतात ते चालतंय, मला सवय झालीय, त्याला नाही जमायचं. त्याला उकरावंसं वाटलं तर तो येईल फावडं घेऊन." तिने बुटाने एक ढेकूळ खड्ड्यापासून दूर सारलं. "मला तो चांगुलपणा वाटत नाही, खरं सांगते. हट्ट होता. आईला बेकरीत जायची लाज वाटायची, ती जात राहिली शेजारच्या गावात पावासाठी, मरेपर्यंत. तुम्ही दोघं एकाच मातीचे."

लेओंस खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. तुकडे अजून त्याच्या हातात होते. आंब्रुआझ आपली वाट बघत होता, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरत होती आणि परत बाहेर येत होती. मळ्यातून मळ्यात तीन पावलांचं अंतर. या तेवीस वर्षांतही छाटणीच्या दिवसांत ते दोघे पाठीला पाठ लावून काम करत असत, आणि आंब्रुआझ मध्येच उगाच खाकरायचा. लेओंसला वाटायचं, खिजवतोय.

"तुकडे परत ठेवू का?" क्लोतिल्दने हळूच विचारलं.

"नाही," मारिव्होन म्हणाली. "वाद झालेल्या दगडाला नवी पाटी लागते. या तुकड्यांची साक्ष देऊन झाली." तिने आजूबाजूला पाहिलं. "पाटी मात्र घरूनच आणायला हवी होती."

लेओंसने पिशवीतून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं. मारिव्होनने ते उलगडलेलं बघितलं.

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला."

"नव्हतं. कसंही निघालं असतं तरी लागलीच असती." मग पाटीवरची धूळ पुसत तो म्हणाला, "माहीत नाही, पोरी. आणली खरी."

पाटी त्याने दगडावर ठेवली आणि टाचेने फोडली. तीनच तुकडे झाले, चौथा झाला नाही. एक मारिव्होनने ठेवला, एक त्याने, आणि तिसरा क्लोतिल्दच्या हातात दिला, कारण कागदोपत्री आता तिची सही लागणार होती. जुने तीन मारिव्होनने त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकले. दगड उभा केला, माती दाबली. क्लोतिल्द गाडा आवरायला लागली.

"एक राहिलं," लेओंस म्हणाला.

तो दगडाशेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. मारिव्होनला कळायला एक क्षण लागला. मग तिने मान हलवली.

"तुमच्या वयाला? किती दिवस लक्षात ठेवणार आहात?"

"राहिलेत तेवढे."

"अहो, तोडणीवाले बघताहेत वरून."

"बघू देत. त्या वेळीही बघत होते."

मारिव्होनने हाताची माती एप्रनला पुसली. क्लोतिल्दला वाटलं, नुसता हात लावेल, रीत म्हणून. पण चपराक अशी बसली की लेओंसचा एक पाय मागे गेला आणि वर ओळींत वाकलेली माणसं उभी राहिली. तेवीस वर्षं तिच्या त्या हातात होती, आणि थोडी तिच्या आईची. लेओंस सरळ झाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याने पुसले नाहीत. मारिव्होनने दुसऱ्या बाजूला तोंड फिरवलं आणि फावडं उचललं.

दोघं नदीकाठाने परतली. स्टेशनवर क्लोतिल्दने विचारलं, "घरी जाल ना नीट?" तो म्हणाला, "आधी बेकरी."

"पाव उरलाय की सकाळचा."

"ठाऊक आहे."

साडेपाचला बेकरीत भरपूर गर्दी असते. रांग दाराबाहेर आली होती. लेओंस रांगेत उभा राहिला, टोपी हातात धरून, आणि गाल झाकला नाही. पुढची माणसं एकेक करून मागे बघत होती. मग त्याची पाळी आली.

"अगंबाई," ओदिल म्हणाली. "गालाला काय झालं?"

"हद्दीचा दगड बसवला आज. लक्षात राहावा म्हणून मारली."

"कोणी?"

"आंब्रुआझच्या मुलीने."

ओदिलचा हात पावांच्या टोपलीवर राहिला. "मग," मागून कोणीतरी घसा साफ करत विचारलं, "दगड कुठे निघाला?"

"होता तिथेच." लेओंस सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला. जेवणाच्या टेबलावर तेव्हा काढला होता तेवढाच आवाज. "मी मोजायला चुकलो होतो. आंब्रुआझ चोर नव्हता. तेवीस वर्षं मी खोटा होतो." मग तो ओदिलकडे वळला. "एक पाव दे. करपलेला."